१२ तासांच्या ड्यूटीचा पगार मोठ्या शहरात पुरतो का? (रेस्पिरेटरी थेरपिस्ट)

श्वासवाटा

नमस्कार मंडळी,

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट (आरटी, म्हणजे श्वासाचे उपचार करणारी) आहे, आयसीयूत काम करते. व्हेंटिलेटरवरचे पेशंट, सक्शन (श्वासनलिकेतला कफ ओढून काढणं), एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी), बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र), ट्यूब काढल्यानंतरची देखरेख, आणि कोड ब्लू (पेशंटचं हृदय किंवा श्वास बंद पडल्याची हाक) झाला की हातातलं सोडून धावणं. १२ तासांची ड्यूटी, आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला सरासरी १३. काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे ‘हे क्षेत्रच सोड’ असा सल्ला कृपया नको.

एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची ऑफर आली आहे. पगार ४० टक्के जास्त. कर आणि कपाती गेल्यावर हातात ३५ टक्के जास्त येतील. ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणाले, ‘एवढा विचार कसला करतेस, हो म्हण.’ पण कागदावर मांडायला बसले तेव्हा काहीतरी खटकलं, म्हणून इथे विचारते आहे.

इथे लिहिणारे वेगवेगळ्या देशांत आहेत, म्हणून रकमा देत नाही. आज माझ्या हातात येतात ते १०० धरा. त्यातले २४ भाड्याला जातात. किराणा आणि घरखर्च २०. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता १२. मुलीचं पाळणाघर १०. आईबाबांना ८ पाठवते. जाण्यायेण्याला ४, आणि विमा, लायसन्सचं नूतनीकरण, कोर्सची फी हे सगळं मिळून आणखी ४. बेरीज ८२, उरतात १८.

नवीन ठिकाणी हातात १३५. पण तिथे हॉस्पिटलपासून बऱ्याच अंतरावर, आत्ताएवढंच घर बघितलं तर भाडं ५२. किराणा २३, पाळणाघर १८, प्रवास ९, किरकोळ ६. कर्ज १२ आणि आईबाबांचे ८ तेच. बेरीज १२८, उरतात ७.

नवऱ्याची कमाई यात धरलेली नाही. त्याचं काम कंत्राटी आहे, कधी असतं कधी नसतं, म्हणून घर माझ्या पगारावर उभं राहिलं पाहिजे असं आम्ही ठरवलेलं आहे.

पगार एका तृतीयांशाहून जास्त वाढतो आणि शिल्लक निम्म्याहून कमी होते, हे खरंच असं असतं का? की माझ्या मांडणीत काही राहून गेलंय? शहर बदललेल्या आरटी मंडळींनी कृपया मोकळेपणाने लिहा.

जुनी_थेरपिस्ट

कागद मांडलास हे फार चांगलं केलंस. या क्षेत्रात मी खूप वर्षं काढली आणि पगाराचा आकडा बघून निघालेली, वर्षभरात दमून परतलेली पुष्कळ मुलं-मुली पाहिली. तुझी मांडणी मला बरोबर वाटते. आता तोच कागद ड्यूट्यांमध्ये मांड. आपण विकतो ते तास आहेत, तर खर्चही तासांतच मोजावा.

आज तुझ्या एका ड्यूटीचे हातात ७.७ पडतात. तिथे १०.४ पडतील. आता बघ. इथे घराचं छप्पर तीन ड्यूट्यांत सुटतं, तिथे पाच ड्यूट्या लागतील. किराण्याला आज अडीचच्या वर लागतात, तिथे सव्वादोन, म्हणजे किराणा खरं तर तिथे स्वस्त पडतोय. कर्जाचा हप्ता दीड ड्यूटीचा आहे तो एकाच्या थोडा वर येईल. आईबाबांसाठी आज पूर्ण एक ड्यूटी लागते, तिथे पाऊण. मग गेलं कुठे सगळं? छपरात दोन ड्यूट्या जास्त गेल्या. पाळणाघर आणि प्रवास मिळून पाऊण ड्यूटी आणखी गेली. स्वतःसाठी उरायच्या त्या सव्वादोनवरून पाऊण ड्यूटीच्याही खाली आल्या.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझ्या १०० मध्ये नाइटचा, वीकेंडचा आणि ओव्हरटाइमचा भत्ता किती आहे? आणि ऑफरच्या १३५ मध्ये किती? ऑफर लेटरवर एकच गोळा आकडा लिहिलेला असतो, तो फोडून बघितल्याशिवाय काहीही ठरवू नकोस. इथे उत्तर दे, मग पुढचं लिहिते.

आकडेमोड

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, अर्थशास्त्र शिकवतो. पण प्रश्न फार नेमका मांडला आहे म्हणून लिहितो.

‘भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसलं पाहिजे’ हा नियम सगळेच सांगतात. तो आला कुठून? अमेरिकेतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून भाडं किती घ्यावं, याची मर्यादा १९६९ मध्ये २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० वर नेली. म्हणजे सरकारने किती भाडं आकारावं याची ती रेषा. आयसीयूत रात्री काढणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या, लहान मूल असलेल्या बाईला काय परवडेल याच्याशी तिचा संबंध नाही. तुमचं भाडं आज २४ टक्के आहे, तिथे साडेअडतीस होईल. पण मी त्या टक्केवारीकडे बघण्यापेक्षा भाडं दिल्यावर हातात किती राहतं ते बघेन. इथे ७६ राहतात, तिथे ८३. म्हणजे ३५ टक्क्यांची वाढ घरमालकाच्या दारातच ९ टक्क्यांवर आली. बाकीचा सगळा संसार त्या ९ टक्क्यांत वाढवायचा आहे, आणि तुमच्याच आकड्यांप्रमाणे बाकीचा खर्च ५८ वरून ७६ होतो, म्हणजे ३१ टक्के वाढतो.

यामागचं कारण जुनं आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासले आणि दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो. तुमच्या किराण्याचं तेच होतंय. १८६८ मध्ये हेर्मान श्वाबे याने बर्लिनच्या आकड्यांवरून घरभाड्याबद्दलही तसाच नियम मांडला. पण त्याने तुलना केली ती एकाच शहरातल्या गरीब आणि श्रीमंतांची. तुम्ही शहरच बदलताय, त्यामुळे इथे तो लागू होत नाही. धान्य, कपडे, फोन यांची ने-आण होते म्हणून त्यांच्या किमतींत ठिकाणानुसार फार फरक राहत नाही. जमीन हलवता येत नाही, आणि पाळणाघरातली बाईही त्याच महाग शहरात राहते, तिलाही तिथलंच भाडं भरायचं असतं. म्हणून घर आणि माणसाच्या हातून मिळणारी सेवा या दोन गोष्टींत फरक सगळ्यात मोठा दिसतो. तुमच्या कागदावर नेमक्या याच दोन रकमा फुगल्या आहेत.

आणखी एक. इंटरनेटवर दोन शहरांची तुलना करणारे जे निर्देशांक मिळतात ते सरासरी कुटुंबाचे असतात. तुम्ही स्वतःचा कागद मांडला आहे, तोच खरा धरा.

तुमच्या पेशाचे सलग आकडे अमेरिकेत मिळतात, कारण तिथलं कामगार सांख्यिकी खातं रेस्पिरेटरी थेरपिस्टांची वेगळी मोजणी करतं. तिथला मधला वार्षिक पगार मे २०२० मध्ये ६२,८१० डॉलर होता, मे २०२४ मध्ये ८०,४५० डॉलर. वाढ २८ टक्के. त्याच काळात तिथली महागाई साधारण साडेबावीस टक्क्यांनी वाढली. म्हणजे चार वर्षांत, त्यातही कोविड सोसलेल्या चार वर्षांत, खरी वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमच्या देशातले आकडे वेगळे असतील, पण पगाराची वाढ महागाईशी भागून बघायची पद्धत सगळीकडे तीच.

फिरती_नोकरी

मी पण आरटी. कायमची नोकरी न धरता तीन-चार महिन्यांच्या कंत्राटांवर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम करतो. ताई, मला वाटतं तू जावंस. कारणं सांगतो.

तुझं कर्ज शहर बघून वाढत नाही. १०० मधले १२ आणि १३५ मधले १२ यांत फरक आहे. आईबाबांना पाठवतेस त्याचंही तेच. आज तुझ्या पगाराचा पाचवा हिस्सा अशा खर्चात जातो जो तू कुठेही राहिलीस तरी तेवढाच राहणार. ज्याचे असे बांधलेले खर्च जास्त, त्याला महाग शहरातला मोठा पगार जास्त फायद्याचा. मी कर्ज फेडलं ते असंच, महाग जागी काम करून आणि राहण्यावर अगदी कमी खर्च करून. जिथे जायचो तिथे तीन ड्यूट्या सलग मागून घ्यायचो, तेवढे दिवस हॉस्पिटलजवळ दुसऱ्या थेरपिस्टबरोबर एका खोलीत राहायचो, आणि उरलेले चार दिवस लांब, स्वस्त ठिकाणी.

दुसरं, तिथे तुला काय शिकायला मिळेल ते बघ. मोठ्या हॉस्पिटलात नवजात बाळांचा आयसीयू असेल, एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) असेल, हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाचे पेशंट असतील. एक्मो सर्किट सांभाळणारा थेरपिस्ट आणि फक्त वॉर्डात नेब्युलायझर देत फिरणारा थेरपिस्ट यांना पुढची नोकरी मिळताना फरक पडतो. हा फायदा तुझ्या १३५ मध्ये कुठेच दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र नक्की घे. पगारातला काही भाग ‘राहण्याचा भत्ता’ म्हणून असेल तर तो वेगळा काढ. अनेक ठिकाणी ओव्हरटाइमचा दर मूळ पगारावर ठरतो, निवृत्तीची रक्कमही मूळ पगारावर कापली जाते, आणि उद्या घरासाठी कर्ज मागितलंस तर बँकही मूळ पगारच बघते. भत्ता हातात येतो तोपर्यंत चांगला, पण त्यावर पुढचं काही बांधता येत नाही.

श्वासवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून लिहिते.

जुनी_थेरपिस्ट ताई, तुमच्या प्रश्नानंतर मी आजची पगाराची स्लिप आणि ऑफर लेटर शेजारी ठेवलं. आज माझ्या १०० मध्ये नाइट आणि वीकेंडचे मिळून ८ आहेत. मला नाइट फिरत्या असतात, दोन आठवडे दिवस, मग काही दिवस रात्र. ऑफर लेटरमध्ये ‘पाळी’ या रकान्यात कायमची रात्र लिहिली आहे. १३५ पैकी १५ त्या रात्रींचे आहेत.

म्हणजे रात्रींशिवाय आज माझ्याकडे ९२ आहेत आणि खर्च ८२ आहे. तिथे रात्रींशिवाय १२० राहतील आणि खर्च १२८ असेल. हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. आज रात्रपाळी बंद झाली तरी माझं घर चालतं. तिथे रात्रपाळी बंद झाली तर चालणार नाही. उद्या पाठ धरली, दुसरं मूल झालं, किंवा डॉक्टरांनीच रात्र बंद करायला सांगितली तर मला भाडं भरता येणार नाही.

फिरती_नोकरी दादा, कर्जाचं तुमचं म्हणणं पूर्ण पटलं, ते मी नीट लक्षात घेतलं नव्हतं. एक्मोचंही पटलं, खरं सांगायचं तर त्या ऑफरचं मला सगळ्यात जास्त आकर्षण तेच आहे. पण मुलगी चार वर्षांची आहे, तीन दिवस दुसरीकडे राहणं आत्ता जमणार नाही. आणि रात्रीचं पाळणाघर दिवसापेक्षा महाग असतं हे मी कागदावर धरलेलंच नाही, कारण आज रात्री नवरा घरी असतो. तिथे त्याला कधी कंत्राटावर बाहेर जावं लागलं तर तो खर्चही येईल.

आकडेमोड सर, ७६ आणि ८३ हे दोन आकडे मी नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, एवढंच आधी कोणी दाखवलं असतं तर आपण आठवडाभर भांडलो नसतो.

जुनी_थेरपिस्ट

१२० आणि १२८. हेच मला तुझ्याकडून काढून घ्यायचं होतं. आता मोकळेपणाने लिहिते.

रात्रीचा भत्ता हा पगारवाढ म्हणून मोजायचा नाही, असं मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या थेरपिस्टला सांगते. तो शरीराच्या झिजेचा मोबदला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये दिवस-रात्रीचं चक्र मोडणारी पाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळी त्याच गटात कायम ठेवली. घाबरवायला सांगत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं नाइट केल्या आहेत आणि पहाटे चारला पेशंटचं सॅच्युरेशन सुधारताना बघण्याचं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नसतं. पण त्या भत्त्यातून भाडं भरायचं म्हटलं की मग नाइट सोडण्याची मुभा उरत नाही. भत्त्यातून शिल्लक पाड, कर्जाचा जादा हप्ता भर, कोर्सची फी भर. छप्पर आणि किराणा मूळ पगारातून निघाला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९० चा रात्रीच्या कामाबद्दलचा करार आहे, क्रमांक १७१. त्यात रात्रीच्या कामाची भरपाई पैशाच्या, कामाच्या वेळेच्या किंवा तशाच दुसऱ्या लाभाच्या रूपात देता येते असं म्हटलं आहे. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण बोलणी करताना उपयोगी पडतो. सगळं पैशातच मागायची गरज नाही. ‘सहा महिने रात्र, मग फिरती पाळी’ असं लेखी मागता येतं. रात्री करणाऱ्यांना महिन्यातली एक ड्यूटी कमी द्या असंही मागता येतं.

आता आपल्या पगाराबद्दल एक कडू गोष्ट. आपल्या पेशात पगाराची चढण सपाट आहे. वर सरांनी अमेरिकेचं उदाहरण दिलं, तिथे तर हिशेब नीट ठेवलेला आहे. तिथेसुद्धा वरच्या दहा टक्क्यांची कमाई जिथे सुरू होते तो आकडा खालच्या दहा टक्क्यांची जिथे संपते त्याच्या दुपटीलाही पोचत नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि दोन वर्षांचा अनुभव यांत एवढाच फरक. याचं एक कारण पैसे कसे येतात त्यात आहे. तिथे मेडिकेअरने (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १९८३ पासून हॉस्पिटलला आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. त्याआधी प्रत्येक नेब्युलायझर, प्रत्येक एबीजी वेगळी लावता यायची आणि आमचा विभाग कमाई करणारा दिसायचा. नंतर तोच विभाग खर्चाचा दिसायला लागला. जिथे जिथे पॅकेजमध्ये उपचार होतात तिथे आरटीचं काम बेडच्या दरात विरघळून जातं. पेशंट तीन दिवस आधी व्हेंटिलेटरवरून सुटला तर ती बचत कोणाच्या खात्यात दिसते? तुझ्या नक्कीच नाही. मला याचा राग येतो आणि तो कमी झालेला नाही.

सांगायचं कारण असं की चढण सपाट असल्यामुळे पहिल्या दिवशी जो मूळ पगार ठरतो तोच पुढची अनेक वर्षं तुझ्याबरोबर येतो. वाढ टक्क्यांत मिळते, आणि टक्के त्या मूळ आकड्यावर चढतात. नोकरी धरताना एकरकमी बोनस देऊ करतील, त्याच्यावर समाधान मानू नकोस. तो एकदा येतो आणि बऱ्याचदा त्याला ‘दोन वर्षं सोडून गेलात तर परत करा’ अशी अट असते.

परतीची_बस

प्रवासाच्या पैशांचा हिशेब सगळ्यांनी केला, वेळेचा कोणी केला नाही म्हणून लिहितोय. ताई, तुम्ही म्हणालात की घर हॉस्पिटलपासून लांब मिळेल. किती वेळ लागेल एका बाजूने?

श्वासवाटा

आज वीस मिनिटं. तिथे सव्वा तास, तोही सगळं सुरळीत असेल तर.

परतीची_बस

मग असं बघा. १२ तासांची ड्यूटी म्हणजे हँडओव्हर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवणं) धरून साडेबारा तास. आज त्यात ४० मिनिटं प्रवास, म्हणजे घराबाहेर १३ तास १० मिनिटं. तिथे अडीच तास प्रवास, म्हणजे १५ तास. दिवसाच्या २४ तासांतले ९ उरले, त्यात अंघोळ, जेवण, मुलगी आणि झोप.

आता ड्यूटीचे पैसे घराबाहेरच्या तासांनी भागा. आज ७.७ भागिले १३.१७, म्हणजे तासाला ०.५८. तिथे १०.४ भागिले १५, म्हणजे ०.६९. तुमच्या एका तासाचा भाव ३५ टक्के वाढत नाही, साधारण १८ ते १९ टक्केच वाढतो. महिन्याला १३ ड्यूट्या म्हणजे २४ तास प्रवासात जादा. म्हणजे दोन पूर्ण ड्यूट्या तुम्ही विनापगार करणार. सलग तिसरी नाइट संपवून सव्वा तास गाडी चालवत घरी जाणं धोक्याचंही आहे, शक्यतो स्वतः चालवू नका. ही गोष्ट मला फार जवळून माहीत आहे, जास्त लिहीत नाही.

जवळ लहान घर आणि लांब मोठं घर या दोन्हींचा कागद वेगवेगळा मांडून बघा. भाडं जास्त दिसेल पण प्रवासाचे ९ वाचतील आणि हे २४ तासही.

आकडेमोड

वरचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला जोडून एक. कुणी परदेशातल्या पगाराशी तुलना करत असेल तर चलनाच्या दराने गुणून आनंद मानू नये. खरेदी करण्याची ताकद मोजण्यासाठी वेगळे दर काढतात, त्याचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे. जिथे खर्च करणार तिथल्या खर्चासाठी तो दर धरायचा. घरी पाठवणार असाल किंवा मायदेशातलं कर्ज फेडणार असाल, तर तेवढ्या भागाला मात्र बाजारातला चलनदरच खरा. एकाच पगाराचे असे दोन तुकडे करून दोन वेगळ्या दरांनी मोजावे लागतात, आणि बहुतेक लोक सगळा पगार एकाच दराने मोजतात. फिरती_नोकरी यांचं म्हणणं शेवटी याच दुसऱ्या तुकड्याबद्दल आहे, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे.

फिरती_नोकरी

हो, मान्य. मी एकटा होतो, आणि पगाराचा मोठा भाग कर्जातच घालत होतो. ताईच्या कागदात मूल आहे, सव्वा तासाचा प्रवास आहे. एक्मोचं मात्र मी मागे घेत नाही. ताई, ते मिळवच, फक्त या अटींवर नको.

श्वासवाटा

जवळच्या लहान घराचा कागद मांडला. भाडं ५९, प्रवास २, बाकी सगळं तेच. बेरीज १२८. आकडा बदलला नाही, पण महिन्याचे २४ तास हातात राहिले. त्यामुळे गेले तर जवळच राहायचं हे नक्की झालं. एक खोली कमी मिळेल, ती चालेल.

आज त्यांना उत्तर लिहिलं. नकार दिलेला नाही. मूळ पगार, म्हणजे रात्रींशिवायची रक्कम, माझ्या १२० च्या जागी १३० व्हावी असं मागितलं आहे, आणि कारण म्हणून व्हेंटिलेटर विनिंगच्या (पेशंटला हळूहळू व्हेंटिलेटरवरून सोडवण्याच्या) प्रोटोकॉलवर मी इथे जे काम केलं त्याचे कागद जोडले आहेत. कायमच्या रात्रीऐवजी फिरती पाळी मागितली आहे, त्यासाठी रात्रीचा भत्ता कमी झाला तरी चालेल असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि पहिल्या वर्षात एक्मोचं प्रशिक्षण, तेही ड्यूटीच्या तासांत धरून, लेखी हवं असं म्हटलं आहे. बोनसबद्दल एक शब्द लिहिला नाही.

१३० मान्य झालं तर रात्रींशिवायही खर्च भागून २ उरतील. फार नाहीत. पण भाडं माझ्या झोपेवर अवलंबून राहणार नाही.

ज्यांनी फिरती पाळी लेखी करून घेतली आहे त्यांना एक विचारायचं आहे. पत्रात ‘फिरती’ एवढंच लिहून घेतलंत की महिन्यातल्या रात्रींची कमाल संख्या घातलीत?

जुनी_थेरपिस्ट

संख्या घाल. नुसतं ‘फिरती’ लिहिलं की माणसं कमी असतील त्या महिन्यात सगळ्या रात्री तुझ्याच वाट्याला येतात, आणि ते पत्राप्रमाणे बरोबरच ठरतं. ‘महिन्यातल्या १३ पैकी जास्तीत जास्त ५ रात्री, त्याहून जास्त फक्त माझ्या संमतीने’ असं वाक्य लिही. सलग तीनपेक्षा जास्त नाहीत हेही त्याच वाक्याला जोड. आणि रात्रीवरून दिवसाच्या पाळीवर येताना मध्ये किमान दोन मोकळे दिवस हवेत, ते वेगळ्या ओळीत घाल, म्हणजे एकावर बोलणी झाली तरी दुसरं सुटणार नाही.